रॅमवर नाव कुठे लिहायचं?

बातमीदारीत छापता न आलेल्या गोष्टी साचत जातात. रद्दी निदान विकता येते; या गोष्टी टपरीवर चहासोबत फुकट वाटाव्या लागतात. आमच्या पत्रकार संघाच्या एका कॉम्प्युटरने तर गोणीभर दिल्यात!

* * *

सायसिंग हा आमचा वार्ताहर. मोलगीच्या पलीकडे डोंगरात त्याचं गाव. तिथल्या आरोग्य उपकेंद्राला कुलूप, बाळंतिणीला जीपमध्ये घालून खाली आणतात. ही बातमी तो फुटक्या मोबाइलवर अंगठ्याने लिहायचा आणि पेपरचा डेस्क तिच्या चार ओळी करायचा.

"भाऊ, संघात कॉम्प्युटर असता तर पूर्ण बातमी कागदपत्रांसकट पाठवली असती," तो मला म्हणाला.

म्हणून मी अध्यक्षांना, म्हणजे अण्णांना, घेऊन पुखराजशेठच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. शेठ म्हणाले, "स्वस्तात पाहिजे ना? पहिले प्रोसेसर ठरवा. मग त्याला चालेल तो मदरबोर्ड. मग बोर्डला चालेल ती रॅम. सगळं एकाच माणसाने घ्या."

"एकाच माणसाने?" अण्णा दचकले. "देणगी एकाच पुढाऱ्याकडून घेतली तर बाकीचे रुसतील!"

ठरलं. प्रत्येक पुढाऱ्याकडून एकेक पार्ट देणगी!

* * *

आमच्याकडे देवळातल्या पंख्याच्या पात्यावरसुद्धा दात्याचं नाव असतं. त्यामुळे प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच: "मन्हं नाव कोठे लिखशात?"

रॅम डब्याच्या आत असते, हे कळल्यावर एकेकाचा चेहरा उतरायचा. आठवड्याभरात संघात तीन कॅबिनेट, म्हणजे नुसते बाहेरचे डबे, आले. तिन्हींवर पेंटरकडून नाव, पद आणि कमळं काढलेली. रॅम एकही नाही!

* * *

शेवटी माजी सभापतींनी प्रोसेसर दिला. त्यावर पंखा बसतो, नाव झाकलं जाईल, असं मी सांगितलं.

"मंग पंखावर लिखा!"

बोर्ड दिला त्यांच्या विरोधकाने. प्रोसेसर एका कंपनीचा, बोर्ड दुसऱ्या कंपनीच्या प्रोसेसरसाठीचा. पुखराजशेठने हात जोडले, "हे दोघं एकत्र बसणार नाहीत."

अण्णा म्हणाले, "निवडणूक होऊ द्या, बसतील!"

मी सभापतींना प्रोसेसर बदलायला सांगितलं. ते भडकले. "त्याले सांगा बोर्ड बदलाले. मी काबरं बदलू?"

* * *

रॅम आली एका रस्ते ठेकेदाराकडून. त्याच्या ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरमधून उपसलेली. बोर्ड नव्या पिढीचा, रॅम मागच्या पिढीची. तिची खाच भलतीकडे.

ठेकेदार म्हणाला, "जरासी कानस मारा, बशी जाई!"

मी विचारलं, "घाटातला रस्ता असाच बसवलात काय?"

तो मोठ्याने हसला आणि मला चहा पाजला. चहा मात्र गरम होता. त्याच्या कामात तेवढीच गोष्ट वेळेवर मिळाली!

* * *

तेवढ्यात अण्णांनी उद्घाटनाची तारीख घेतली. मी टेबलावर हात आपटला. "अण्णा, डबा रिकामा आहे!"

"भरल्यावर उद्घाटन झालेलं काय पाहिलंस तू या जिल्ह्यात?"

उद्घाटनाला मंत्रीसाहेब आले. टेबलावर तीन कॅबिनेट, तिन्हींना हार, समोर उसना आणलेला स्क्रीन आणि कीबोर्ड. कोणी रुसू नये म्हणून साहेबांनी तिन्ही बटणं दाबली. एकही दिवा लागला नाही. टाळ्या मात्र कडाडल्या.

अण्णांनी माइक घेतला. "आता डोंगरातले आपले सायसिंगभाऊ पहिली बातमी टाइप करतील!"

सायसिंग खुर्चीत बसला. मला वाटलं, फोटोपुरती चार बटणं दाबेल. पण गडी खाली मान घालून टाइप करतच राहिला. सगळे ताटकळले. मग उठून त्याने कीबोर्डसमोरची जागा साहेबांना करून दिली.

"साहेब, आमच्या गावच्या उपकेंद्राला कुलूप आहे. त्याच्यावरच लिहिलंय. वाचा."

साहेबांनी खिशातून चष्मा काढला. काळ्याभोर स्क्रीनवरून वरपासून खालपर्यंत नजर फिरवली. दोनदा मान डोलावली आणि सायसिंगच्या खांद्यावर हात ठेवला.

"वाचं मी. सगळं बराबर लिखेल शे. फक्त मन्हं नाव जरासं वर ले!"