हसणारं व्हायोलिन

महाडच्या पुरात वडिलांच्या जॅझ व्हायोलिनच्या जुन्या रेकॉर्ड चिखलाने माखल्या. "टाकून दे," एवढंच ते म्हणाले. मी त्या रेकॉर्ड पोलादपूरच्या एका म्हाताऱ्या रेडिओ दुरुस्तीवाल्यांकडे नेल्या. जॅझ हा शब्दही त्यांनी ऐकला नव्हता. तान्ह्या बाळाला न्हाऊ घालावं तशी एकेक रेकॉर्ड त्यांनी साबणाच्या पाण्यात धुतली, जुन्या धोतराने टिपली आणि सुई टेकवून डोळे मिटले. थोडी खरखर झाली, मग व्हायोलिन उड्या मारत सुटलं.

"व्हायोलिन रडताना लय ऐकलं," ते मान डोलावत म्हणाले. "ह्ये तर हसतंय गो!"

मी वडिलांना फोन लावून स्पीकरपाशी धरला. ती बाजू संपेपर्यंत त्यांनी फोन ठेवला नाही. मग म्हणाले, "आता दुसरी बाजू लाव."

पुरानंतर पहिल्यांदाच त्यांनी काहीतरी मागितलं होतं. माझा जीव भांड्यात पडला.