लाजरे गाल
परवा लेकीने ब्लीचची डबी उघडली आणि त्या उग्र वासाने माझे गाल चुरचुरले. माझ्या लग्नाआधीची ती सकाळ आठवली. मारेगावला माहेरी त्या दिवशी मुकुटबनचे पाहुणे मला बघायला येणार होते. दिवाणावरच्या नव्या चादरीला डांबरगोळ्यांचा वास होता, पोह्यांचा कांदा चिरून तयार होता. पाहुणे लवकर निघाल्याचा फोन आला, तशी वहिनीने ब्लीचच्या क्रीममध्ये पावडर जास्तच टाकली आणि ते माझ्या तोंडाला फासलं. "रंग लवकर उजयते," ती म्हणाली. थोड्याच वेळात तोंडाची आग आग झाली. धुतलं तर दोन्ही गाल लालबुंद! "आता आई मले काय म्हणतीन वं?" म्हणत वहिनी थंड दही थापत राहिली, आणि तेवढ्यात अंगणात गाडी थांबली. मी घाईने तोंड पुसून चहाचा ट्रे उचलला. कप किणकिणत होते. मुलाच्या आईंनी माझी हनुवटी धरून तोंड वर केलं. "कशी लाजून राह्यली पाह्य पोरगी," त्या हसल्या, "आमाले पसंत हाये." घरभर आनंद झाला, मला मात्र धडकी भरली, ही लाली उतरल्यावर काय? लग्नाला एवढी वर्षं झाली, तरी सासूबाईंनी जरा निरखून पाहिलं की माझा हात आधी गालावर जातो.