रागिणीचे अकोल्याचे शनिवार

रागिणी अकोल्याला जातच नसावी, हे काही केल्या माझ्या मनातून निघत नव्हतं.

माझी ही मुलगी एकोणतीस वर्षांची. वलगावच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते आणि उपयोजित अर्थशास्त्रात पीएच.डी. करते. वरूडचे बागवाले संत्रा झाडावरच का विकून टाकतात, हा तिचा विषय. लहानपणी ती भाजीवाल्या माणिकबाईंना विचारायची, "मावशी, सकाळची वीसची मेथी संध्याकाळी दहाची काहून होते?"

"तुयासारखे गिऱ्हाईक दिवसभर डोकं खातात म्हनून!"

कोर्सवर्कचा आराखडा तिने जुलैत माझ्यासमोर बसून केला. संशोधन पद्धती सगळ्यांना सक्तीची. दुसरा पेपर निवडीचा. तिने संख्याशास्त्र घेतलं, कारण गोळा केलेले आकडे तपासायला तेच लागणार होतं. वर्ग दर शनिवारी अकोल्याला. दहा शनिवार झाले, वहीत चारच पानं. बी.ए.ला मीही संख्याशास्त्र शिकले आहे, ते चार पानांत मावत नाही. आज तिच्या बॅगेत गेल्या शनिवारचं एस.टी.चं तिकीट सापडलं. वरूडचं. अगदी उलट दिशेचं.

जेवताना सरळ विचारलं.

"माझ्या गाइड सरांचा सर्व्हे आहे, आई. आमी तिघं विद्यार्थी बागांत फॉर्म भरून राहिलो. हजेरी सर सांभाळतात."

"आणि पेपर?"

"संख्याशास्त्राच्या जागी सरांनी क्षेत्रकार्य लिहिलं. विद्यापीठाच्या फॉर्मवर मी कोरीच सही दिली होती, आराखडा सर भरणार होते."

"कोरी?"

"सगळेच देतात. तू काहून पोलिसासारखी विचारून राहिली?"

बागांतले भरलेले फॉर्म सरांच्या कपाटात जातात, तिच्याकडे एक प्रतही नाही. पेपरची निवड बदलायची मुदत परवा संपते. त्यानंतर तिचा विषय तिचाच राहील, याची मला खात्री वाटत नाही.

सरांची आधीची विद्यार्थिनी साधना. लग्न झालं म्हणून तिने पीएच.डी. सोडली, असं सर सांगतात. पण रागिणीच्या प्रवेशाच्या दिवशी ती मला अकोल्यात भेटली होती. तेव्हा सोडून महिनाच झाला होता, आणि कडेवर तिचं दोन वर्षांचं पोर होतं; म्हणजे लग्न कधीचंच झालेलं. "काकू, नंबर असू द्या," म्हणून तिने स्वतःहून दिला. मी कारण विचारलं नाही.

रागिणीला कळलं तर महिनाभर बोलणार नाही. न बोलू दे. सकाळी ती कॉलेजला गेली की मी साधनाला फोन करणार आहे.