एकदाच विचारा

डाव्या हाताच्या दोन बोटांची कडी करून सर तिच्यातून रुमालाचं टोक वर ओढायचे. "हे तुमचं जठर. ही कडी म्हणजे छाती-पोटामधल्या पडद्याचं भोक. ते सैल झालं की जठर असं वर चढतं." मग रुमाल खाली खेचून कडी आवळायचे. "आणि हे आमचं ऑपरेशन." पुढचा प्रश्न मात्र पेशंटला नसायचाच, सोबत आलेल्यांना असायचा. "घरी वाढायला कोण असतं?"

इंदिरानगरातल्या त्यांच्या छोट्या हॉस्पिटलात मी रिसेप्शनला होते. हा प्रश्न ऐकून भलेभले गोंधळायचे. पण आपल्याकडचा आग्रह तुम्हाला ठाऊक आहेच. सर म्हणायचे, जड उचलू नका म्हटलं की माणसं ऐकतात. पोटभर जेवू नका हे घरच्यांपुढे टिकत नाही. पोट तट्ट फुगलं, उलट्या झाल्या, की टाक्यांवर ताण आलाच.

स्वतः सर आग्रहाला अगदी कच्चे. पेशंटच्या घरी जेवायला गेले की तिसऱ्या पुरणपोळीला हरायचे आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडून सोडा मागवायचे.

पिंपळगावच्या एका कांदा व्यापाऱ्याचं ऑपरेशन सरांनीच केलेलं. घरी आईनं इतकं खाऊपिऊ घातलं की उलट्या होऊन जठर परत वर सरकलं. सरांनी दुसऱ्या ऑपरेशनची तारीख दिली. पुन्हा उसवलं तर तिसऱ्यांदा शिवणं फार अवघड, एवढंच मला म्हणाले.

दुसरं ऑपरेशन नीट झालं. घरी सोडताना त्यांनी आईला केबिनमध्ये बसवलं.

"लय वाळलाय वो पोरगा," ती म्हणाली.

"थोडं थोडं, मऊ, पाच-सहा वेळा द्या. पण वाढताना एकदाच विचारा."

"आई असून एकदाच?"

सर म्हणाले, "आई आहात म्हणून तुम्हालाच सांगतोय."

तिनं पदर तोंडाला लावला. पण टाके टिकले. तपासणीला आले की सर आधी तिच्याकडे बघायचे आणि ती एक बोट वर करून दाखवायची. त्या दिवशी सर शीळ घालत राउंडला जायचे.

गेल्या वर्षी सर अचानक गेले. तेराव्याला ती मुलाला घेऊन आली. सरांच्या पत्नीनं नको नको म्हटलं तरी पदर खोचून बुंदी वाढायला पंगतीत उतरली.

माझ्या पानापाशी आली. "बुंदी?"

मी सवयीनं नको म्हटलं, आणि ती पुढच्या पानाकडे गेली. खरं तर मला हवी होती. पानातल्या त्या रिकाम्या जागेकडे बघून मला रडूच फुटलं.