नाचणीच्या मडक्यावरचं मीठ

पानाला चुना लावताना त्याचा ओला वास आला, की मला जोयड्याच्या रानातलं सासरचं स्वैपाकघर दिसतं. मी नवी सून होते आणि बाळंतपणाला माहेरी आलेली माझी नणंद मला चोरून वाचायला शिकवत होती. सुटी अक्षरं माझ्या डोक्यात राहीनात, म्हणून तिनं धुरानं काळ्या झालेल्या मडक्यांवर चुन्यानं आख्खे शब्दच लिहिले होते: मीठ, गूळ, तांदूळ, नाचणी. सासूबाईंना ती नक्षी वाटायची. मी मात्र मडक्यांसमोरून धडाधड वाचत जायचे. कॅसलरॉक स्टेशनला जाऊन आगगाडीनं ती तिच्या सासरी परतणार होती, त्या दिवशी सकाळीच तिनं कोपऱ्यातल्या मोठ्या मडक्यावर बोट ठेवलं. मी म्हणाले, "मीठ," आणि लगेच जीभ चावली. "न्हाई वन्सं, ह्यात तर नाचणी हाय!" ती खदखदून हसली. "व्हय, नाचणीच हाय. शब्द मघाशी बदलला म्यां. इतके दिस तू मडकी वळखत हुतीस वैनी, आज वाचलंस. आता मी गेले तरी चालंल." दुपारी तिची बैलगाडी रानात दिसेनाशी झाली. आज नातवंडांना गोष्टीचं पुस्तक वाचून दाखवताना कुठं 'मीठ' आलं, की मला अजून नाचणीचाच वास येतो.