तांब्यावरची सहा नावं

परवा बोर्ली पंचतनच्या बाजारात एका भांड्यांच्या दुकानापाशी पाय थबकले. दुकानदार बाई पायरीवर बसून तांब्याच्या घंगाळाला चिंच नि मीठ चोळत होत्या. तांब्यावर चिंच पडली की एक आंबूस, धातूचा वास सुटतो, जिभेवर नाणं ठेवल्यासारखा. घरोघरी हा वास सणाच्या आदल्या दिवसाचा. मला मात्र तिथं थांबवेना. घ्यायला गेलो होतो ती मिरची तशीच राहिली आणि मी मिळेल ती एसटी पकडून घरी आलो.

आमच्या बंदरात, जेट्टीला लागून, एका चौथऱ्यावर तांब्याचा जाड पत्रा उभा आहे. वादळात बुडालेल्या होडीतल्या सहा जणांची नावं त्यावर कोरली आहेत. गावानं स्मारक करायचं ठरवलं तेव्हा शाळामास्तर म्हणून सगळी धावपळ माझ्या गळ्यात पडली. पत्रा घडवणारा तांबट म्हातारा आणि अबोल होता. काम संपल्यावर हात पुसत तेवढं बोलला, "गुरुजी, आधी हा तपकिरी पडेल, मग काळपट. इथं खारा वारा, म्हणजे हिरवाही लवकर होईल. हिरवा झाला की हात लावू नका. ती त्याची कातडी. ती काढत राहिलात तर आतलं तांबं झिजेल." मी मान डोलावली. आयुष्यभर मुलांना 'कळतं पण वळत नाही' म्हणून रागावलेल्या माणसानं डोलावावी तशी.

पत्रा त्याच्या शब्दाला जागला. पहिला पावसाळा सरला तेव्हा त्याची लाली गेली होती. मग तो चुलीवरच्या भांड्याच्या बुडासारखा काळवंडला. पुढे अक्षरांच्या खाचांतून फिकट हिरवा रंग वर आला आणि हळूहळू सगळीकडे पसरला. मला तो आवडायचा. गावाला नाही. आमच्याकडे तांब्यावरचा हिरवा म्हणजे विष; तांब्याच्या भांड्यात ताक कळकलं तर गुरालाही देत नाहीत. आपल्या माणसांच्या नावांवर विष चढलंय, असं बायका कुजबुजायच्या. पण घासायला कुणी पुढे झालं नाही, एक कोळीणबाई सोडून.

सहापैकी पाच जण किनाऱ्याला लागले. त्यांना आंघोळ घातली गेली, अग्नी मिळाला. सहावा तिचा एकुलता एक मुलगा, माझ्याच वर्गात शिकलेला. तो कधी सापडलाच नाही. नारळी पौर्णिमेच्या आदल्या सकाळी ती कळशीभर पाणी, चिंच, मीठ आणि मूठभर बारीक वाळू घेऊन यायची. तिला वाचता येत नव्हतं. खालून दुसरी ओळ तिच्या मुलाची, हे मीच तिला दाखवलं होतं. तेवढीच ओळ ती घासायची. दुसऱ्यांच्या माणसांना हात लावायचा तिला अधिकार नव्हता. मी पहिल्यांदा अडवायला गेलो तेव्हा मान वर न करता म्हणाली, "पाच जनांना आंघोल झाली, मास्तर. ह्याला कुटं झाली? हिरवा पडलाय वो माजा पोर. आईनं न्हाय घासायचा तर कोनी?"

मी बाजूला सरलो. ओळ लख्ख झाली की ती म्हणायची, "वाचा आता." मी मोठ्यानं वाचायचो. ती डोळे मिटून ऐकायची आणि रिकामी कळशी घेऊन निघून जायची. दर वर्षी अक्षरं थोडी उथळ व्हायची. ते मला दिसत होतं. पुढच्या वर्षी सांगू, असं म्हणत मी किती पौर्णिमा घालवल्या! त्याला मी दया म्हणत होतो. खरं तर तो भित्रेपणा होता.

यंदा ती काठी टेकत आली. बराच वेळ घासून थांबली, ओल्या ओळीवरून तळवा फिरवला आणि कितीतरी वर्षांनी हसली. "बगा तरी, कसा गुलगुलीत झालाय. ल्हान व्हता तवा गाल असाच व्हता त्याचा." मी पुढे वाकलो. पाच नावं हिरव्याखाली शाबूत होती, काना-मात्रा-वेलांटीसह. खालून दुसऱ्या ओळीत नुसतं तांबं चमकत होतं.

"वाचा ना," ती म्हणाली.

मी त्या कोऱ्या तांब्यावर बोट ठेवलं आणि तिच्या मुलाचं नाव वाचलं. त्याचं, वडिलांचं, मग आडनाव. वर्गात हजेरी घेताना घ्यायचो तसं, सावकाश. ती डोळे मिटून ऐकत होती.

तांबट अजून आहे म्हणतात. नाव पुन्हा कोरून घेता येईल. पण त्यासाठी ते पुसलं गेलंय हे आधी तिला सांगावं लागेल, आणि कुणाच्या हातानं, हेही. तेवढी छाती माझ्यात नाही. ज्यांना कुणी हात लावला नाही ती पाच नावं आम्ही गेल्यावरही राहतील. तिच्या मुलाचं नाव आता फक्त माझ्या तोंडात आहे, आणि माझं वय झालं आहे.