जैसे थे
जुन्या कोर्टाच्या इमारतीचं छप्पर आषाढातल्या एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास पडलं. कोणी जखमी झालं नाही. तिथे बसून लोकांचे अर्ज टाईप करणारा टंकलेखक समोर चहाला गेला होता. त्याचं यंत्र व्हरांड्यातच होतं.

बातमी मीच दिली. तालुक्यात आणखी कोणी वार्ताहर नव्हता.

कोर्ट हायवेलगतच्या नव्या इमारतीत गेलं, तेव्हा जुनी पाडून वाहनतळ करायचं ठरलं. जिथल्या मुतारीला वकिलांनी उभा जन्म शिव्या घातल्या, ती वास्तू त्यांना एकाएकी ऐतिहासिक वाटू लागली. त्यांनी दावा लावला. 'जैसे थे'चा आदेश मिळाला, त्या दिवशी पायऱ्यांवर मिठाई म्हणून खाजं वाटलं गेलं. फोटोसाठी काळे कोट घालून सगळे आले होते. त्यानंतर तिथे कोणी फिरकलं नाही. टंकलेखक तेवढा रोज यायचा. गावोगावची माणसं अर्ज लिहून घ्यायला त्याच व्हरांड्यात येत. दुसरीकडे तो त्यांना सापडला नसता.

मंगलोरी कौलं दरवर्षी मृगाआधी काढून, फुटकी बदलून परतावी लागतात. म्हणून वैशाखात टंकलेखक कौलं परतणाऱ्या गड्याला घेऊन वकील संघाच्या अध्यक्षांकडे गेला. मीही तिथे होतो.

"सायबानू, मिरग जवळ इलो. कौलां परतूक होयी," टंकलेखक म्हणाला.

अध्यक्षांनी चष्मा काढला. "जैसे थे म्हणजे जैसे थे. एक कौल हलवलंस तर अवमान होईल."

"मगे ही आर्डर पावसाक कोण बजावतलो?" गड्याने विचारलं.

अध्यक्ष खो खो हसले. आठवडाभर बाररूममध्ये हा विनोद ते स्वतःचा म्हणून सांगत होते.

परवानगीसाठी अर्ज करायचं ठरलं. तो टंकलेखकाने टाईप केला, फुकट. त्यात अध्यक्षांनी इमारतीच्या इतिहासाची चार पानं घातली. कौलांचा उल्लेख शेवटच्या पानावर, एका ओळीत. पहिल्या तारखेला अध्यक्षांनीच मुदत मागितली, पुतणीचं लग्न होतं. समोरच्या वकिलांनी हरकत घेतली नाही. ते त्याच लग्नाला निघाले होते. मग उन्हाळी सुट्टी लागली. सुट्टीनंतरच्या तारखेला अर्जाची प्रत समोरच्यांना दिलेली नसल्याचं आढळलं. पुढची तारीख पडली.

मृगात व्हरांडा गळू लागला. टंकलेखकाने खुर्ची भिंतीकडे सरकवली, यंत्रावर प्लास्टिक घातलं.

"हयसून उठ रे आता," चहावाला म्हणाला.

"खंय जाव? अर्ज आसा ना कोर्टात," तो म्हणाला. तारीख आठ दिवसांवर होती.

छप्पर पडल्यावर अध्यक्षांनी मला फोनवर प्रतिक्रिया दिली: वारशाबाबत समाज उदासीन आहे. मी ती जशीच्या तशी छापली.

ठरल्या तारखेला अर्ज सुनावणीला निघाला. छप्पर पडल्याचं दोन्ही बाजूंपैकी कोणीच सांगितलं नाही. विरोध नसल्याने कौलं परतायला परवानगी मिळाली.

टंकलेखक आता एसटी स्टँडसमोर झेरॉक्सच्या दुकानाच्या पायरीवर बसतो. यंत्राचा रूळ वाकला आहे. अर्ज तो हाताने लिहितो.